अंगावरून जास्त जातंय? पिशवी काढायच्या आधी काय काय तपासायचं, कुठले उपचार करून बघायचे, सगळं क्रमाने

पाळीत खूप जातं म्हणून बाई दवाखान्यात जाते, एक सोनोग्राफी होते, आणि "पिशवीला सूज आहे, मुलं झालीयेत ना, मग काढून टाका, उगाच पुढे कॅन्सर व्हायचा" असं म्हणून ऑपरेशनची तारीखच हातात मिळते. हे आपल्याकडे इतक्या जणींच्या बाबतीत होतं की एकदा नीट बसून लिहायचंच ठरवलं. मी स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. ओपीडीत तिशी-पस्तिशीत पिशवी काढून झालेल्या बायका येतात, कुणाच्या अंगाची आग होतेय, कुणाला रात्री दरदरून घाम, कुणाची हाडं दुखतायत, आणि जुनी फाइल मागितली तर त्यात सोनोग्राफीचा एक कागद सोडून काहीच नसतं. बायोप्सी नाही, थायरॉइड नाही, गोळ्यांचा एकही कोर्स नाही.

बीडचं प्रकरण आठवत असेल. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांची पाहणी सरकारने नेमलेल्या समितीसमोर आली, त्यात ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. देशभराचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटात ३ टक्क्यांच्या आसपास आहे. खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत कोयता बंद ठेवणं परवडत नाही, आणि वर डॉक्टरने कॅन्सरची भीती घातलेली. मग बाई उचल घेऊन ऑपरेशन करून घेते. यात त्या बाईचा दोष शून्य आहे. पण तिला कुणी सांगितलं असतं की अंगावरून जास्त जाणं हे लक्षण आहे, त्याच्या मागे नऊ-दहा वेगवेगळी कारणं असू शकतात आणि त्यातली बहुतेक पिशवी न काढता बरी होतात, तर त्यातल्या कितीतरी जणींनी वेगळा निर्णय घेतला असता असं मला मनापासून वाटतं.

तर आता क्रमाने बघू. हा लेख वाचून स्वतः गोळ्या घ्यायच्या नाहीयेत, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि कुठली पायरी गाळली जातेय हे कळावं म्हणून आहे.

सगळ्यात आधी: थांबायचंच नाही अशी वेळ

तासाला एक पूर्ण भिजलेलं पॅड आणि असं सलग दोन तास किंवा जास्त, उभं राहिलं की चक्कर, छातीत धडधड, दम लागणं, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काही असेल तर लेख वाचत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. तसंच पाळी चुकली होती आणि आता रक्त जातंय आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, तो फुटला तर पोटात रक्तस्राव होतो आणि बाहेर मात्र थोडंसंच दिसतं, त्यामुळे "फार जात नाहीये" म्हणून घरी बसायचं नाही. नसबंदीचं ऑपरेशन झालंय म्हणून गर्भ राहणारच नाही असंही धरू नका, क्वचित राहतो, आणि राहिला तर नळीत असण्याची शक्यता जास्त असते.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि आता पुन्हा रक्त दिसलं, अगदी कपड्याला एक डाग का असेना, तर ते तपासायचंच. बहुतेक वेळा अस्तर कोरडं-पातळ झाल्यामुळे असतं, पण दहातल्या साधारण एकीला पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघू शकतो, आणि तो लवकर सापडला तर फार चांगला बरा होतो. "पुन्हा पाळी सुरू झाली, बरं झालं" असं समजून गप्प बसलेल्या आज्या बघितल्यात, म्हणून इतकं जोर देऊन लिहितेय.

पहिली पायरी: खरंच जास्त जातंय का, ते मोजा

पाळी २४ ते ३८ दिवसांनी येणं आणि ८ दिवसांच्या आत संपणं हे नॉर्मल धरतात. म्हणजे २५ दिवसांनी येते म्हणून "महिन्यातून दोनदा येते" असं घाबरायचं कारण नाही, एका महिन्याच्या १ तारखेला आणि २६ तारखेला आली तरी ते ठीकच आहे. जास्त म्हणजे किती, तर पुस्तकात एका पाळीत ८० मिली असं लिहिलेलं असतं, पण घरी कोण मोजणार. म्हणून हल्ली असं बघतात की त्या रक्तस्रावामुळे तुमचं रोजचं जगणं अडतंय का. दर तास-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, रात्री उठून बदलावं लागतं, एकावर एक दोन पॅड लावावे लागतात, दहा रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात, त्या दिवसांत बाहेर पडायची, एसटीने प्रवास करायची भीती वाटते, हे सगळं जास्तच आहे.

मोजायची एक सोपी पद्धत आहे, १९९० पासून वापरात असलेला चित्रांचा तक्ता. पॅडला थोडासा डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजलं तर ५, पूर्ण भिजलं तर २०. छोटी गाठ १ गुण, मोठी गाठ ५. पूर्ण पाळीची बेरीज करायची आणि ती १०० च्या वर गेली तर ८० मिलीपेक्षा जास्त गेलंय असं धरतात. कप वापरत असाल तर अजून सोपं, त्यावर मिलीच्या खुणाच असतात. कपडा वापरत असाल तर किती वेळा बदलला आणि किती भिजला होता तेवढं लिहा. दोन-तीन महिन्यांच्या अशा नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरवर केल्या तरी चालतं. कागद घेऊन येणाऱ्या बाईचं निदान निम्मं तिथेच होतं, कारण खूप जातं पण वेळेवर येते, की तीन महिने येत नाही आणि मग पंधरा दिवस थांबत नाही, की दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडतो, या तिन्हीची कारणं पूर्ण वेगळी आहेत.

दुसरी पायरी: डॉक्टरांना काय सांगायचं

मूल होण्याच्या वयातली कुठलीही बाई असेल तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आधी. लग्न झालंय, नाही झालंय, नवरा बाहेरगावी असतो, काहीही असो, टेस्ट करून टाकायची, त्यात अपमान वाटून घेऊ नका आणि डॉक्टरांनीही ती सासूसमोर विचारपूस करून अवघड करू नये.

मग हे सांगा. पहिल्या पाळीपासूनच जास्त जातं का? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि फार कमी वेळा विचारला जातो. पहिल्यापासूनच असेल आणि सोबत दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, बाळंतपणात खूप गेलं, सहज निळे डाग पडतात, नाकातून रक्त येतं, घरात अजून कुणाला तसं आहे, तर रक्त गोठण्याचा आजार असू शकतो. यातला सगळ्यात कॉमन म्हणजे व्हॉन विलेब्रांड डिसीज. एरिक व्हॉन विलेब्रांड नावाच्या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन लिहिलं ते ज्या कुटुंबावरून, त्यातली एक मुलगी १३ व्या वर्षी चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली. शंभर वर्षं होत आली, तरी आपल्याकडे आठवी-नववीतल्या मुलीला खूप जात असेल तर "उष्णता झालीय, सब्जा पाज" यावरच थांबतात. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होते हे खरं, पण मुलगी पांढरी पडतेय, शाळेत चक्कर येतेय, तर तिची तपासणी झालीच पाहिजे.

बाकी सांगायच्या गोष्टी: तांबी बसवलीय का (साध्या तांबीने पाळी वाढते, विशेषतः पहिले काही महिने), रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कधी घेतल्या, म्हणजे गौरी-गणपतीला, लग्नाला, वारीला वगैरे घेतात त्या, कारण त्या बंद केल्यावर येणारी पाळी जास्त जाऊ शकते. गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेतल्या असतील तर ते तर नक्की सांगा, आत तुकडा राहिलेला असू शकतो आणि लपवलं तर तपासण्या भलत्याच दिशेला जातात. संबंधानंतर रक्त दिसतं का. वजन एवढ्यात खूप वाढलं का. ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे का. मिश्री-तंबाखू, बीपी, अर्धशिशी, पायात रक्ताची गाठ झाली होती का, हे पुढे गोळ्या निवडताना लागतं.

तिसरी पायरी: आतून तपासणी आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी

ही टाळू नका आणि डॉक्टर टाळत असतील तर विचारा. फक्त सोनोग्राफी करून ऑपरेशन ठरवणं म्हणजे अर्धवट काम. रक्त पिशवीतूनच येतंय की पिशवीच्या तोंडावरच्या गाठीतून, पॉलिपमधून (अस्तरातून लोंबणारा मऊ कोंब), हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. त्याच वेळी तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मिअर (तोंडावरच्या पेशी घेऊन बघतात), किंवा एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची), किंवा अगदी व्हिनेगारसारखं अॅसिटिक अॅसिड लावून करतात ती तपासणी, यातलं एक होतं. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने गावोगावच्या बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, तो २००९ मध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर जो पुरावा देतात तो आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी दिलेला आहे, आणि तिथल्याच शेजारच्या बीड जिल्ह्यात कॅन्सरची भीती घालून टेस्ट न करता पिशव्या काढल्या गेल्या, हे मला आजही सहन होत नाही.

एक गोष्ट इथेच सांगते. "तोंडाला जखम आहे" हे वाक्य खूप बायकांना सांगितलं जातं. बऱ्याचदा ती जखम नसतेच, आतलं लालसर अस्तर थोडं बाहेर आलेलं असतं, तरुण बायकांत, गोळ्या घेणाऱ्यांत, बाळंतपणानंतर हे अगदी कॉमन आहे आणि त्यातून कॅन्सर होत नाही. स्मिअर नॉर्मल असेल आणि त्रास नसेल तर काहीच करावं लागत नाही. तसंच पांढरं जाणं, कंबर दुखणं, ही पिशवी काढायची कारणंच नाहीत. पांढरं जाण्याला इन्फेक्शन बघून गोळ्या असतात, गरज पडली तर नवऱ्यालाही द्याव्या लागतात. आणि कंबरदुखी पिशवी काढून जात नाही.

चौथी पायरी: रक्ताच्या तपासण्या

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी तपासणी, सगळ्यांनाच, त्यात हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही बघायचे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली म्हणजे गंभीर. "आमच्याकडे सगळ्यांचंच ९ असतं" असं बायका म्हणतात आणि त्या खोटं बोलत नाहीत, देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया आहे, पण सगळ्यांना आहे म्हणून ते नॉर्मल होत नाही. जमलं तर फेरिटिन करा, ते शरीरात साठवलेल्या लोहाचं माप आहे, हिमोग्लोबिन बरं दिसत असताना फेरिटिन ३० च्या खाली गेलेलं असतं आणि बाई थकलेली, केस गळतायत, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटतायत. थायरॉइडची टीएसएच टेस्ट थायरॉइडची लक्षणं असतील तर, किंवा पाळी अनियमित असेल तर. पाळी लांबत असेल तर प्रोलॅक्टिन या हार्मोनची टेस्ट. वर लिहिलेल्या रक्ताच्या आजाराची शंका असेल तर गोठण्याच्या टेस्ट, आणि त्या साध्या पीटी-एपीटीटी नॉर्मल आल्या म्हणून व्हॉन विलेब्रांड नाही असं होत नाही, त्याची वेगळी टेस्ट असते.

पाचवी पायरी: सोनोग्राफी, आणि तो रिपोर्ट वाचायचा कसा

शक्य असेल तर खालून करायची सोनोग्राफी करा, पोटावरून केलेलीपेक्षा त्यात अस्तर खूप स्पष्ट दिसतं. लग्न न झालेल्या मुलींची पोटावरूनच करतात. पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात केली तर अस्तर पातळ असतं आणि पॉलिप असला तर पटकन दिसतो.

आता रिपोर्टमधले शब्द, कारण सगळी घबराट इथूनच सुरू होते.

"बल्की युटेरस" म्हणजे पिशवी थोडी मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी मोठीच असते. हा आजार नाही, एवढ्यावर ऑपरेशन होत नाही. "नॅबोथियन सिस्ट" म्हणजे तोंडाजवळच्या ग्रंथीत साठलेला चिकट स्राव, निरुपद्रवी, काही करायचं नाही. अंडाशयात दोन-तीन सेंटीमीटरची साधी पाण्याची गाठ, पाळी चालू असलेल्या बाईत दर महिन्याला बनते आणि फुटते. अस्तराची जाडी १२-१४ मिमी लिहिलंय आणि पाळी चार दिवसांवर आलीय, तर ते अपेक्षितच आहे, पाळीनंतर पुन्हा बघा. पाळी गेलेल्या बाईला रक्त जातंय आणि जाडी ४ मिमीच्या वर आहे, तर मात्र बायोप्सी लागते.

फायब्रॉइडबद्दल जरा सविस्तर, कारण "गाठ" म्हटलं की घरातले सगळे हादरतात. या स्नायूच्या गाठी असतात, पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांना एखादी तरी होते, आणि कॅन्सर असण्याची शक्यता फारच क्वचित. गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे याला महत्त्व आहे. अस्तराच्या आत डोकावणारी दीड सेंटीमीटरची गाठ बाईला आडवी करू शकते आणि पिशवीच्या बाहेरच्या बाजूला असलेली पाच सेंटीमीटरची गाठ काहीच त्रास देत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये जागा लिहिलेली नसेल तर विचारून घ्या. पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आपोआप आकसतात, त्यामुळे ४८ व्या वर्षी, त्रास नसलेली गाठ केवळ दिसली म्हणून काढायची नाही.

अॅडिनोमायोसिसमध्ये अस्तर पिशवीच्या स्नायूत घुसलेलं असतं, जास्त जातं आणि सोबत मरणाचं दुखतं, चाळिशीत जास्त. आणि सोनोग्राफीत काहीच सापडलं नाही तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही. २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, फिगोने, कारणांची पाम-कोइन नावाची यादी केली त्यात हेच स्पष्ट केलंय: चार कारणं डोळ्यांना दिसणारी, पॉलिप, अॅडिनोमायोसिस, फायब्रॉइड, कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था, आणि बाकीची न दिसणारी, रक्त न गोठणं, अंडं वेळेवर न फुटणं, अस्तराचाच बिघाड, औषधं किंवा तांबी, आणि उरलेली. न दिसणाऱ्यांपैकी अंडं न फुटणं हे सगळ्यात जास्त दिसतं, पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडाने पाळी लांबते तो त्रास) असलेल्या मुलींत, थायरॉइडमध्ये, आणि पाळी जायच्या आधीच्या चार-पाच वर्षांत.

सहावी पायरी: बायोप्सी, जी सगळ्यात जास्त गाळली जाते

पिशवीच्या अस्तराचा छोटासा तुकडा बारीक नळीने घेऊन तपासायला पाठवतात. ओपीडीत होते, भूल लागत नाही, मिनिटभर पाळीसारखी कळ येते. वय ४५ च्या पुढे असेल, आपल्याकडे बरेच डॉक्टर ४० धरतात, तर उपचार ठरवण्याआधी करायचीच. त्याच्या आतलं वय असेल पण वजन खूप आहे, पीसीओएस आहे, वर्षानुवर्षं पाळी अनियमित, डायबेटिस, टॅमॉक्सिफेन चालू, घरात आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर, किंवा औषधं देऊनही थांबत नाहीये, तरी करायची.

रिपोर्टमध्ये हायपरप्लेजिया, म्हणजे अस्तराची जास्तीची वाढ, आला तर घाबरून लगेच ऑपरेशन नको, पुढचे शब्द वाचा. "विदाउट एटिपिया", म्हणजे पेशी विचित्र दिसत नाहीत, असं असेल तर कॅन्सरकडे जायचा धोका २० वर्षांत ५ टक्क्यांपेक्षा कमी, हार्मोनची तांबी किंवा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किमान सहा महिने आणि मग पुन्हा बायोप्सी. "एटिपिकल" असेल तर गोष्ट वेगळी, आत कॅन्सर लपलेला असू शकतो, मुलं झालेल्या बाईला तिथे पिशवी काढायचाच सल्ला योग्य आहे.

"पिशवी साफ करून घेतली" असं बायका सांगतात, म्हणजे क्युरेटिंग. ती तपासणीसाठी किंवा धो-धो जाणारं रक्त थांबवायला ठीक, पण कायमचा उपचार नाही, दोन-तीन महिन्यांत तेच पुन्हा सुरू होतं. केली असेल तर तुकडा लॅबला पाठवला का आणि रिपोर्ट कुठाय, हे मागून घ्या.

सातवी पायरी: आधी रक्त भरून काढा

कारण शोधणं चालू असतानाच हे सुरू करायचं. लोहाच्या गोळ्या, सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह असतं आणि ती फुकट मिळते. रोज घेऊन मळमळत असेल तर एक दिवसाआड घ्या, तशी चांगली शोषली जाते. लिंबू पाण्यासोबत घ्या, चहासोबत अजिबात नाही, चहा आणि गोळीत दीड-दोन तास अंतर ठेवा. शी काळी होते, त्याला घाबरू नका. "गोळ्या गरम पडतात" म्हणून चार दिवसांत सोडणाऱ्या खूप आहेत, अॅसिडिटी होत असेल तर जेवणानंतर घ्या, ब्रँड बदलून मागा, पण सोडू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोनने वाढायला हवं. वाढलं की थांबायचं नाही, साठा भरायला पुढे तीन महिने चालू ठेवायचं. गोळ्या सोसत नसतील किंवा फारच कमी असेल तर शिरेतून द्यायची लोहाची इंजेक्शनं आहेत. अशक्तपणा म्हणून जी साध्या सलाईनची बाटली लावून घेतात त्याने रक्ताचा एक थेंब वाढत नाही, ते पैसे वाचवा.

आठवी पायरी: औषधं

मूल हवंय किंवा हार्मोन नको असतील तर ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड. १९६२ मध्ये जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याने शोधलेलं औषध, बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरू नयेत हे उताकोंचं ध्येय होतं. पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांतच घ्यायचं, सहसा १ ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस, रक्त साधारण निम्म्याने कमी होतं. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर चालत नाही, किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो. दुखतही असेल तर जोडीला मेफेनॅमिक अॅसिड, जेवून घ्यायचं, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर नको. महिनाभर रोज खायच्या या गोळ्या नाहीत, हे लक्षात ठेवा.

अनियमित पाळी आणि मूल इतक्यात नको असेल तर गर्भनिरोधक गोळ्या चांगलं काम करतात, दुखणंही कमी होतं. पण बीपी, डोळ्यापुढे चमकणारी अर्धशिशी, रक्ताची गाठ, पस्तिशीनंतर बिडी-सिगारेट, यात नको. नॉरएथिस्टेरॉन ही हार्मोनची गोळी थांबत नसलेलं रक्त थांबवायला देतात, मात्र बंद केल्यावर दोन-चार दिवसांत पाळीसारखं रक्त येणार हे बाईला आधी सांगायला हवं, नाहीतर ती "गोळी लागू पडली नाही" म्हणून डॉक्टर बदलते. ऑर्मेलॉक्सिफेन ही लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत बनलेली भारतीय गोळी, गर्भनिरोधक म्हणून 'सहेली' आणि 'छाया' नावाने माहीत असेल, जास्त रक्तासाठी ६० मिग्रॅची गोळी १२ आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढचे १२ आठवडे एकदा अशी देतात. पीसीओएसमध्ये सहसा देत नाहीत.

आणि आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपचार, हार्मोनची तांबी, मिरेना म्हणून ओळखतात ती. नावात तांबी असली तरी साध्या तांबीच्या अगदी उलट, ही पाळी कमी करते. पिशवीच्या आत रोज अगदी थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध सोडते, अस्तर पातळ होतं, सहा महिन्यांत बऱ्याच जणींचं रक्त ८०-९० टक्क्यांनी कमी होतं, काहींची पाळीच बंद होते आणि त्याने "घाण आत साठत" नाही, कारण साठायला काही बनतच नाही. किमान पाच वर्षं चालते, अॅडिनोमायोसिसमध्येही चांगली. एकच गोष्ट आधी समजून घ्या: पहिले तीन ते सहा महिने मधेमधे डाग पडतात. हे न सांगितल्यामुळेच दुसऱ्या महिन्यात काढून टाकायला लावतात. गाठीमुळे पिशवीची आतली जागा वेडीवाकडी झाली असेल तर टिकत नाही, निसटून येते. सुरुवातीचा खर्च जास्त वाटतो, पण ऑपरेशन, भूल, आणि बुडालेल्या मजुरीसमोर तो खूप कमी आहे.

नववी पायरी: पिशवी ठेवून होणारी छोटी ऑपरेशन्स

पॉलिप किंवा आत डोकावणारा फायब्रॉइड दुर्बिणीने खालूनच काढता येतो, पोटावर एकही टाका नाही, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी. मूल हवं असेल आणि गाठी मोठ्या असतील तर फक्त गाठी काढता येतात. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करायची प्रोसिजर होते, मूल हवं असलेल्यांना सहसा नको म्हणतात. अस्तर जाळायची प्रोसिजरही आहे, त्याआधी बायोप्सी नॉर्मल हवी आणि पुढे गर्भ राहता कामा नये.

दहावी पायरी: पिशवी काढायची वेळ आलीच तर

येते वेळ, आणि तेव्हा ती काढणंच बरोबर असतं. कॅन्सर किंवा एटिपिकल हायपरप्लेजिया, औषधं आणि हार्मोनची तांबी करून बघितली तरी थांबत नाही, गाठी इतक्या मोठ्या की लघवी अडते, किंवा सगळं समजून घेऊन बाई स्वतःच म्हणते की मला आता हे नको. तिचा निर्णय आहे, त्याला मान द्यायचा.

पण तारीख घेण्याआधी विचारा: माझं नेमकं निदान काय, कागदावर लिहून द्या. बायोप्सी आणि स्मिअर झालं का. कुठले उपचार करून बघितले, नसतील तर का नाही. खालून होईल, दुर्बिणीने होईल की पोट उघडून, कारण शक्य असेल तर खालून केलेल्या ऑपरेशनमध्ये बाई लवकर उठते. आणि अंडाशय ठेवणार ना? पाळी चालू असलेल्या बाईचे चांगले अंडाशय "पुढे त्रास नको" म्हणून काढले तर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती, हाडं ठिसूळ, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी पिशवी काढल्यावर रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर गोष्ट वेगळी, ते नीट बोलून ठरवा.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे हा डॉक्टरांसाठीचा नियमच आहे. केंद्राने २०२२ मध्ये विनाकारण पिशवी काढणं रोखायच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या सगळ्या राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. "आजच अॅडमिट व्हा" असं कुणी म्हणत असेल आणि तुम्हाला धो-धो रक्त जात नसेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत सगळे कागद घेऊन जा, घाई अशी काही नसते.

ऑपरेशन झाल्यावर काढलेली पिशवी लॅबला गेली का हे विचारा, रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांत येतो, तो स्वतः जाऊन घ्या आणि डॉक्टरांकडून समजून घ्या. अंडाशय काढले असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर हार्मोनच्या गोळ्या नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत घ्यायच्या का हे त्याच भेटीत विचारून घ्या, आणि डिस्चार्ज कार्डवर अंडाशय ठेवलेत की काढलेत हे स्पष्ट लिहून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते लागणार आहे.